भाचीला, अर्ज भरण्याआधी

पिंपरी,
24 डिसेंबर 2025

चि. बाळ,


युनियनने महापालिकेसाठी तुझं नाव पक्कं केल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, ‘तिला जरा समजाव.’ काय समजावायचं ते मात्र बोलली नाही. उभी राहू नकोस असं मी लिहिणार नाही. मार्च 2022 पासून सोलापूर महापालिकेत एकही नगरसेवक नाही, प्रशासकाच्या सहीवर शहर चाललंय. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं हेच लोकांना कळेनासं झालंय. इतक्या वर्षांनी निवडणूक लागते आणि बिडी वळणारी बाई तिच्यात उतरते, तर मामाने कशाला आडवं यायचं? पण मोर्चा काढायची रीत वेगळी आणि निवडणूक लढवायची वेगळी. मला जेवढं कळतं तेवढं लिहितो.

आधी कागद, कारण मुदत संपायला आठवडाही उरलेला नाही. अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात येतं. मोर्च्यांत जमावबंदी मोडल्याचे जेवढे खटले तुझ्यावर आहेत तेवढे सगळे लिही, पोलीस ठाणं आणि कलमासकट. कुणीतरी म्हणेल, ‘जुनं आहे, राहू दे, कोण बघतंय?’ समोरचा उमेदवार बघतो. लपवलेला खटला बाहेर आला की लोकांना चोरीचा वाटतो. उघड लिहिलेला असला तर ‘हो, मजुरी वाढवून मागितली म्हणून झाला’ असं चौकात छातीठोक सांगता येतं. शिक्षणाच्या रकान्यात सातवी आहे तर सातवीच लिही, लाजू नकोस. घरपट्टी-पाणीपट्टी थकली असेल तर आजच भरून पावती घे.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं लागतं. चहाचा, रिक्षाचा, भोंग्याचा, प्रत्येक रुपयाचा कागद ठेव. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यावा लागतो, तो पडलेल्या उमेदवारालाही चुकत नाही. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत उभं राहता येत नाही. पैसेवाल्यांकडे हे बघायला लेखनिक असतो. आपल्यातल्यांना वाटतं, खर्चच केला नाही तर हिशोब कसला? आणि तिथेच नाव कटतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या हाकेला हजार बायका जमतात हे मी स्वतः पाहिलंय. त्या गर्दीवर मतांचा हिशोब मांडू नकोस. त्यातल्या कितीजणी कुंभारीच्या? गोदूताई परुळेकरांच्या नावाने तिथे 10 हजार घरं झाली, 2006 साली पंतप्रधान येऊन उद्घाटन करून गेले, भाड्याच्या खोलीतून बायका स्वतःच्या दारात गेल्या. चांगलंच झालं. पण ती वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. त्या तुझ्यासाठी घसा कोरडा करतील, मत देऊ शकणार नाहीत. उरलेल्या शहरभर विखुरलेल्या. युनियन धंद्यावर उभी असते, प्रभाग गल्लीवर. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं शहर, त्याचे 26 प्रभाग पाडलेत. म्हणजे एका प्रभागात छत्तीस-सदतीस हजार माणसं. त्यात बिडीवाल्या आहेत तसे यंत्रमागवाले, रिक्षावाले, किराणावाले, शाळामास्तर आहेत. तुझी बिडी छाट म्हणून बाजूला टाकणारा तपासनीसही त्याच गल्लीत राहतो आणि त्याच्याही नळाला पाणी येत नाही. त्याच्या दारात जाशील? जावं लागेल. तिथे मजुरीचं भांडण काढू नकोस, ते कारखान्याच्या खिडकीशी. दारात फक्त विचार, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं.

दुसरं, तुझ्या प्रभागातून चार जण निवडून जायचेत. अ, ब, क, ड अशा चार जागा, मतदाराला चार वेळा बटण दाबायचं. म्हाताऱ्या बायका आपलं एक बटण दाबून निघायला लागतात. चारही मतं नोंदवल्याशिवाय यंत्राचा शेवटचा आवाज होत नाही, आणि मग आतला माणूस ओरडतो, बाई गोंधळते, हाताला येईल ते दाबते. कागदावर चार रकाने काढून गल्लीगल्लीत हे शिकवायला दोन पोरी लाव. तुझ्याबरोबरचे तिघे कोण हेही नीट बघ. त्यांच्या पापाचं माप तुझ्या पदरात पडणार आहे.

याद्यांचं काम आजच सुरू कर. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी तोडून प्रभागांच्या याद्या केल्यात. त्यानंतर नाव नोंदवलेल्या पोरींना यावेळी मत नाही, आणि तुटताना काहींची नावं रस्त्यापलीकडच्या प्रभागात जाऊन पडलीत. आदल्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

तारीखही बघ कशी आली आहे. 15 जानेवारी, म्हणजे किंक्रांत. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा ऐन भरात असणार, निम्मं गाव नंदीध्वजांमागे. ‘करीच्या दिवशी शुभ काम नको’ म्हणणारी सासू प्रत्येक घरात सापडेल. तिच्याशी वाद घालू नकोस, सकाळी लवकर मतदान उरकून जत्रेला जा म्हणून सांग. आणि संक्रांत म्हणजे हळदीकुंकू. यंदा वाणात काय काय वाटतील ते तू बघशीलच: स्टीलचे डबे, साड्या, कुकरसुद्धा. बायकांना ‘घेऊ नका’ असं सांगत फिरू नकोस. वर्षभर पै-पै जोडणाऱ्या बाईला कुणी फुकट डबा दिला तर ती घेणार, आणि तुझा उपदेश तिला टोचेल. तू मात्र कुणाच्या हळदीकुंकवाला आपल्या नावाची पिशवी पाठवू नकोस. आचारसंहितेत अडकशील, आणि तेवढ्या पिशव्या परवडायच्याही नाहीत.

त्याच आठवड्यात 12 तारखेला हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना 1931 साली येरवड्यात फासावर दिलं. सगळ्या पक्षांचे उमेदवार पुतळ्यांना हार घालायला रांगेत उभे असतील, फोटोवाला पुढे. तूही जा, फोटोवाला नेऊ नकोस. आदल्याच वर्षी, 6 एप्रिल 1930 ला, सोलापूरच्या नगरपालिकेने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढवला होता. नगरपालिका म्हणजे गटार आणि दिवे एवढंच, असं म्हणणाऱ्यांना आपल्या गावचा इतिहास माहीत नाही. तरीही तू भाषणात गटार आणि दिवेच बोल. हुतात्म्यांवर बोलायला बाकीचे आहेत.

पाण्याचं तर घोकूनच जा. उजनी भरून वाहते आणि गल्लीत चार-पाच दिवसांआड नळ. समांतर जलवाहिनी हा शब्द तर ऐकून ऐकून कान किटले. ‘पाणी मिळालंच पाहिजे’ ही घोषणा झाली. तू माहिती काढ: आपल्या भागाला कुठल्या टाकीतून पाणी येतं, ती किती भरते, शेवटच्या घराला दाब का नाही, चावीवाला कुठली चावी किती वेळ उघडी ठेवतो. त्या चावीवाल्याला आपल्या बाजूने करून घे. वरच्या साहेबाला ठाऊक नसतं ते त्याला ठाऊक असतं. मृणाल गोरे 1961 साली मुंबई महापालिकेत गेल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं ते गोरेगावच्या नळांसाठी. त्याच वर्षी अहिल्याबाई रांगणेकरही लाल झेंडा घेऊन तिथे निवडून गेल्या. दोघी लोकांसाठी सभागृहात भांडल्या आणि रस्त्यावरही. महापालिकेत गेलं की रस्ता सोडावा लागतो, असं तुला युनियनमधलंच कुणी बजावेल. त्याचं मनावर घेऊ नकोस. याच महिन्यात बाबा आढाव गेले. तेही एकेकाळी पुण्यात नगरसेवक होते, पण शेवटपर्यंत हमालांचेच राहिले.

तुझ्या आईला धास्ती आहे की मोठ्या सभागृहात, शिकलेल्या लोकांत, तुला काही कळणार नाही. मला ती धास्ती नाही. कारखान्याच्या खिडकीशी तू काय करतेस ते आठव. रात्री पानं भिजवून, सकाळी कापून, दिवसभर वळून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून नेतेस. आतला माणूस जुडी उचलतो, अंगठ्याने दाबतो, ‘ढिली आहे’ म्हणतो आणि बाजूला फेकतो. कच्ची बाई मान खाली घालून निघते. तू म्हणतेस, ‘पुन्हा मोजा, माझ्यासमोर मोजा. छाट केलेली माझ्या हातात द्या.’ पान कमी दिलं तर ताजव्यावर परत ठेवायला लावतेस. वहीत आकडा चढल्याशिवाय खिडकी सोडत नाहीस. महापालिकेतही हेच करायचंय, फक्त वही जाड आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे जातं, मग सर्वसाधारण सभेत. सभेत विषय भराभर पुकारतात आणि मागून ‘मंजूर, मंजूर’ येत राहतं. तुझा आवाज त्यात मिसळू देऊ नकोस. विषयपत्रिका आली की आपल्या प्रभागाचे विषय लाल पेनाने खुणव. कुठला रस्ता, किती लांब, गेल्या खेपेला तोच कधी झाला होता, ठेकेदार कोण. रस्त्याचे तुकडे पाडून तीन कामं दाखवलीत का? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याआधी वाचून घे. बोललेलं एक आणि लिहिलेलं भलतंच, असं होतं. वाचताना अडलीस तर शेजारच्या शाळामास्तरांना घेऊन बस, त्यात कमीपणा नाही. आणि महापालिकेच्या कुठल्याही ठेक्यात तुझी किंवा जावईबापूंची रुपयाचीही भागीदारी नको. कायद्याने पद जातं. दिराला ‘छोटंसं काम’ देऊ करणारा पहिल्याच महिन्यात भेटेल. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

जावईबापूंचा विषय निघालाच आहे तर लिहितो. 102 जागांपैकी निम्म्या बायकांच्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा कारभार नवरेच बघतात. तो भला माणूस आहे, यंत्रमागावर रात्रपाळी करून तुझ्या सभांना सतरंज्या अंथरतो. तरी लोकच त्याला बिघडवतील, ‘भाऊ, तुम्हीच सांगा’ म्हणत. फलकावर त्याचा फोटो नको. अधिकाऱ्याचा फोन तूच घ्यायचा. सुरुवातीला त्याला जरा लागेल, पण तोच पुढे तुझी बाजू घेईल.

बिडी सोडू नकोस, निवडून आलीस तरी. रोज हजार नाही जमणार, पाचशे वळ. मानधनावर घर चालत नाही, आणि ज्याचं घर मानधनावर चालायला लागतं तो लवकरच दुसरीकडे हात पुढे करतो. फंडाचं खातं आणि कारखान्याची वही चालू राहू दे. पडलीस तर सोमवारी खिडकीशी उभी राहायला लाजू नकोस; पडणं हा काही गुन्हा नाही, आणि त्या तीन आठवड्यांत जेवढ्या दारांत तू गेली असशील तेवढी ओळख युनियनला फुकट मिळालेली असेल.

प्रचारात तेलुगू बोल. तुझ्याबरोबर बसून बिडी वळणाऱ्या बायकांकडून ती तुला येते, आणि मराठी पोरगी आपल्या बोलीत बोलते म्हटलं की दार लगेच उघडतं. कन्नड येणारं कुणी मिळालं तर तेही बरोबर घे.

मी 11 तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने मामीला घेऊन येतो. नव्या चष्म्याने बारीक अक्षर स्पष्ट दिसतं, तेव्हा याद्यांतली नावं शोधून चिठ्ठ्या लिहायचं काम मला दे. भाषण करायला सांगू नकोस. आईला सांग, आठ दिवस पुरेल एवढी शेंगाचटणी कुटून ठेव, कार्यकर्त्यांच्या कडक भाकऱ्यांबरोबर लागेल.

तुझा,
मामा