तांबटाच्या भात्यापासून सौर प्रकल्पापर्यंत

मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर सोनगीर हे गाव वसलेले आहे. येथील किल्ल्याप्रमाणेच तांब्यापितळेची भांडीही प्रसिद्ध आहेत. ऊर्जेने समाजजीवन कसे घडविले, याचा अभ्यास या भांड्यांपासून सुरू करता येतो.

तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो कठीण होतो आणि अखेर तडकतो; म्हणून तो भट्टीत तापवून पुनःपुन्हा मऊ करावा लागतो. कारागिराचे बाहुबल आणि भात्याने फुलविलेला कोळसा यांवर हा धंदा उभा राहिला. माल बैलगाडीने जाई, तोवर हमरस्त्यावरील गावाला बाजारपेठ सहज लाभत असे.

वाफेच्या शक्तीने हे गणित बदलले. १८६७ मध्ये भुसावळमार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. कापसाची सरकी काढणारे व गाठी बांधणारे कारखाने रेल्वेच्या आश्रयाने वाढले आणि जळगावसारख्या पेठा भरभराटीस आल्या. ऊर्जेचे साधन बदलले की उद्योगाची, पर्यायाने वस्तीची जागा बदलते, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा पाण्याचा आहे. पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी उताराने वाहते. त्यास ना बैल लागतात, ना तेल. मात्र ते वाटून घेण्यासाठी सर्वमान्य नियम आणि पाटकरी लागतात. विहिरीवर मोटेच्या जागी प्रथम तेलाचे इंजिन व पुढे विजेचा पंप आला. शेतकरी स्वावलंबी झाला, बागाईत वाढले. परंतु बैलांच्या दमामुळे उपशाला असलेली मर्यादा नाहीशी झाली. शिवाय विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे रात्री-अपरात्री पाणी भरण्याची पाळी आली.

आता याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीस दिवसा वीज देण्याचा आहे. कोळसा दूरच्या खाणीतून आणावा लागतो. ऊन-वारा गावच्या माथ्यावरच असतो. मात्र सौर प्रकल्पाला विस्तीर्ण जमीन लागते. ती कोणती द्यावी, गुरांच्या चराईची सोय कशी लावावी, दिवसा मिळणाऱ्या विजेने विहिरीतून किती पाणी उपसावे, हे प्रश्न कोणतेही यंत्र सोडविणार नाही. ते ग्रामसभेतच सुटावयाचे आहेत. फडाच्या पाण्याने शिकविलेली वाटपाची शिस्त सूर्याच्या विजेलाही तितकीच आवश्यक आहे.