बालकांतील विकासविलंब आणि वैद्याचे कर्तव्य

काश्यपसंहितेच्या चिकित्सास्थानात फक्करोगाचा विचार आला आहे. एक वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकास तेथे फक्क म्हटले असून क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. औषधोपचारांसोबत चालण्याच्या अभ्यासासाठी तीन चाकांचा फक्करथही वर्णिला आहे. औषध आणि अभ्यास यांची सांगड शास्त्राने पूर्वीच घातली. व्यवहारात आपण मात्र औषधापाशीच थांबतो.

रुग्णवृत्त

कन्नड तालुक्यातील १३ महिन्यांचे बालक आमच्याकडे आले. ते आधाराशिवाय बसत नव्हते. आम्ही बलातैलाचा अभ्यंग व सुवर्णप्राशन सुचवून ‘काही मुले उशिराच चालतात’ असा धीर दिला. ही आमची चूक होती. पुढे कुटुंब ऊसतोडीस गेले आणि अंगणवाडीतील तपासणीतूनही बालक सुटले. ६ महिन्यांनी ते परतले, तेव्हा हाक मारूनही वळत नव्हते. मग श्रवणचाचणीसाठी एक तारीख, फिजिओथेरपीसाठी दुसरी, वाचोपचारासाठी तिसरी. शहराची प्रत्येक खेप सुमारे ६० किलोमीटरची, शिवाय मजुरी बुडे. तिसऱ्या खेपेनंतर आईवडिलांनी जाणेच सोडले. आम्ही सविस्तर चिठ्ठी देऊन सर्व तपासण्या एकाच दिवशी जुळवून घेतल्या, तेव्हा कोठे उपचार सुरू झाले. तोवर बालक २ वर्षांचे झाले होते.

उपलब्ध व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्याच्या रचनेनुसार अंगणवाडीत वर्षातून २ वेळा व शाळेत १ वेळ तपासणी होते. फिरत्या पथकात २ आयुष वैद्यकीय अधिकारी असतात, म्हणजे बहुधा आपलेच सहाध्यायी. विकासविलंबाची शंका आल्यास बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य उपचारांसाठी पाठविले जाते.

आपण काय करावे

१) पुष्यनक्षत्री सुवर्णप्राशनास तीच बालके दर २७ दिवसांनी आपल्यासमोर येतात. त्या दिवशी प्रत्येकाचा विकास पाहून नोंद ठेवावी. ४ महिने उलटूनही मान न धरणे, ९ महिन्यांनंतर आधाराशिवाय न बसणे, १ वर्षानंतर नावाने हाक मारता न वळणे, १८ महिन्यांनंतर न चालणे, २ वर्षांनंतर दोन शब्द न जोडणे, तसेच आलेले कौशल्य गमावणे, ही लक्षणे दिसताच बालकास पुढे पाठवावे. अकाली जन्मलेल्या बालकाचे वय अपेक्षित प्रसूतितिथीपासून मोजावे.

२) तोंडी सल्ला पुरत नाही. वय, लक्षणे व हव्या असलेल्या तपासण्या लिहून चिठ्ठी द्यावी आणि महिन्याभरात पालकांकडे चौकशी करावी. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास निघण्यापूर्वीच पाठवावे.

३) औषधी विक्रेत्यांनी ‘मूल बोलत नाही’ म्हणून सारस्वतारिष्ट मागणाऱ्यास आधी बालकाचे वय विचारावे व श्रवणचाचणी सुचवावी.

अभ्यंग, आहार व औषध अवश्य चालू ठेवावे. परंतु त्यांच्या भरवशावर बालकाचे महिने दवडू नयेत. आमच्याकडून जे ६ महिने वाया गेले, ते वाचकांनी वाचवावेत, हीच विनंती.