आजारपणाची रजा हे हत्यार नव्हे

प्रवासी विमाने चालवण्यात उमेदीचा सारा काळ घालवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या वैमानिकाला नव्या पिढीच्या सहकाऱ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: व्यवस्थापनाशी कलह कितीही विकोपाला जावो, आजारपणाच्या रजेला त्या कलहाचे हत्यार करू नका.

वैमानिकांची गाऱ्हाणी निराधार असतात, असे मी म्हणत नाही. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. परंतु दोन्हीकडच्या वेतनाची आणि बढतीची सांगड वर्षानुवर्षे लागली नाही, आणि त्या दिरंगाईतूनच २०११ सालचा समान वेतनासाठीचा संप आणि बोइंग ७८७ विमानांच्या प्रशिक्षणावरून २०१२ साली ५८ दिवस चाललेला संप उद्भवला. त्यापूर्वी २००९ साली, संघटना उभारणाऱ्या सहकाऱ्यांना बडतर्फ केल्यावरून जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक पाच दिवस कामावर आले नव्हते. २००९ आणि २०१२ या दोन्ही वेळी लढ्याचा आरंभ आजारपणाच्या सामुदायिक रजेने झाला.

मी ज्या खाजगी कंपनीत होतो तेथेही पगार थकले होते, रोस्टर ऐनवेळी बदलत, आणि अर्जांना दफ्तरातून पोच मिळे पण उत्तर मिळत नसे. अखेर एका रात्रीत अनेकांनी प्रकृतिअस्वास्थ्याचे निरोप धाडले, विमाने जमिनीवर खिळली, थकबाकीचा काही भाग हाती आला आणि मामला मिटला, असे सर्वांनी मानले. पुढे मात्र प्रत्येक रजेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. एका दिवसाच्या तापालाही कंपनीच्या डॉक्टरचा दाखला मागितला जाई. अशा वातावरणात सर्दीने कान बंद झालेला एक तरुण सहवैमानिक, आपले नाव बंडखोरांच्या यादीत चढेल या धास्तीने, माझ्यासोबत ड्यूटीवर रुजू झाला. विमान उतरू लागले की केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो, आणि नाकाकडून कानाकडे जाणारी नलिका बंद असेल तर तो दाब थेट कानाच्या पडद्यावर येतो. त्या वेदनेने तो इतका व्याकुळ झाला की नियंत्रण कक्षाचे शब्दही त्याला धड ऐकू येईनात, आणि उरलेली सारी कामे मला एकट्याला उरकावी लागली.

उड्डाणास मी अपात्र आहे, हे सांगण्याचा वैमानिकाचा अधिकार प्रवाशांच्या सुरक्षिततेचा पाया आहे. थकवा, ग्लानी, मनाची अस्वस्थता यांचे मोजमाप कोणतेही यंत्र करीत नाही. तेथे त्याच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते, आणि तो शब्द एकदा सौद्यात वापरला गेला की खऱ्या रुग्णालाही कोणी दाद देत नाही.

म्हणून करारनाम्यावर सही करण्यापूर्वी हमी उड्डाण-तास, प्रशिक्षणाचा बाँड आणि राजीनाम्याची मुदत बारकाईने वाचा. तक्रार तोंडी ठेवू नका. तारखेनिशी लिहा, पोच घ्या, आणि रीतसर नोंदलेल्या संघटनेमार्फत तिचा पाठपुरावा करा. संप अटळच झाला तर उघड नोटीस द्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हवाई वाहतुकीत संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस आवश्यक ठरवली होती, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आहे. ही मुदत अनेकांना अडसर वाटते. वस्तुतः नोटीस पडताच सरकारी समेट अधिकारी मध्ये येतो आणि आजवर मौन पाळणाऱ्या व्यवस्थापनाला समोरासमोर बसून उत्तर द्यावे लागते.

व्यवस्थापनातील मंडळींनाही माझी विनंती आहे: अर्जाचे उत्तर मुदतीत द्या, संघटनेला शत्रू समजू नका, आणि वैमानिक अस्वास्थ्य कळवील तेव्हा त्याचा शब्द प्रमाण माना. वेतनाचा तंटा आज ना उद्या मिटवता येतो. परंतु आजारी माणसाला भीतीपोटी विमानात बसवणारा कारभार, तो वैमानिकांच्या कृतीने ओढवलेला असो वा मालकांच्या, प्रवाशांच्या प्राणांशी खेळतो, आणि तो अधिकार दोघांपैकी कोणालाच नाही.