भागाकाराचं चिन्ह तेच, उत्तर वेगळं

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हिल्बर्ट मॅट्रिक्स घेतली होती. पहिल्या ओळीत १, १/२, १/३; दुसरीत १/२, १/३, १/४; असंच पुढे. सगळे अपूर्णांक, तरी तिच्या व्यस्त मॅट्रिक्समध्ये प्रत्येक संख्या पूर्णांक निघते, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात ओळींच्या संख्येचा वर्ग. तीन ओळींना ९, बारा ओळींना १४४. मला हे फार सुंदर वाटायचं, अजूनही वाटतं.

सेज या गणिती सॉफ्टवेअरच्या नोटबुकात उत्तरं चोख येत होती. मोठी आकडेमोड रात्रभर चालावी म्हणून तोच कोड पायथॉनच्या फाइलीत चिकटवला आणि वर सेज इम्पोर्ट केलं. सकाळी बारा ओळींच्या व्यस्त मॅट्रिक्सच्या कोपऱ्यात १४४ नव्हते, दशांशांची लांब शेपटी होती. मूळ मॅट्रिक्सशी गुणलं तर एकक मॅट्रिक्सही येईना. एररचा एक शब्द नाही. दोन आठवडे मी सूत्रातच चूक शोधत राहिले.

चूक भागाकाराच्या चिन्हात होती. नोटबुकात आपण टाइप केलेला प्रत्येक पूर्णांक सेज आधी स्वतःच्या पूर्णांकात बदलतं, मग १/३ ही खरीखुरी परिमेय संख्या राहते. पायथॉनच्या फाइलीत हा बदल होत नाही. तिथे १/३ म्हणजे ५३ बिटांच्या अचूकतेचा फ्लोट, जेमतेम १५-१६ अंक अचूक. आणि बारा ओळींच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा व्यस्त काढताना साधारण तेवढेच अंक वाया जातात. उरणार काय? घातचिन्हाचंही तसंच: सेजमध्ये १०^६ म्हणजे दहा लाख, पायथॉनमध्ये १२, कारण तिथे ते चिन्ह बिटांची तुलना करतं.

फाइल सेजची केली, तरी दुसऱ्या एका मॅट्रिक्सला पुन्हा ठेच लागली. तिथे एका ओळीत i/(j+१), दुसरीत नुसतं i/j असं लिहिलं होतं आणि i, j दोन्ही पायथॉनच्या रेंजमधून येत होते. सेज बदलतं ते आपण टाइप केलेले आकडे. रेंजमधून आलेल्यांना हात लावत नाही. पहिल्या ओळीतला १ सेजचा होता, त्यामुळे छेद सेजचा झाला, अंश मात्र पायथॉनचाच राहिला. एकच बाजू सेजची असली तर सेज सांभाळून घेतं, म्हणून इथे निभावलं. पण नुसतं i/j लिहिलेल्या ओळीत दोन्ही बाजू पायथॉनच्या, आणि तिथे गुपचूप फ्लोट आला. अशा वेळी सेजची एसरेंज वापरा.

पायथॉनच्या न्यूमपाय लायब्ररीत आणखी जपा. तिथे ॲरेवरचा * घटकाला घटक गुणतो. मॅट्रिक्सचा गुणाकार हवा तर @ लागतं. तिथल्या ६४ बिटी पूर्णांकात २०! मावतं, २१! मावत नाही आणि उत्तर ऋण येतं, तेही बिनबोभाट.

आता मी कोणताही निकाल मानण्याआधी सेजला त्या संख्येचा 'पेरेंट', म्हणजे ती कोणत्या संख्यासंचातली आहे ते, विचारते. परिमेय संख्यांचं क्षेत्र असं उत्तर आलं तरच पुढे जाते. तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला ही एक आज्ञा शिकवा, चिन्हं नंतर शिकवली तरी चालतील.