पावसाळ्यातला व्यायाम : टेबल टेनिस

पावसाळ्यात हिंगोली परिसरातील काळ्या मातीची मैदाने चिखलाने भरतात. मुलांचे खेळणे आणि मोठ्यांचे फिरणे, दोन्ही थांबते. अशा वेळी छपराखाली खेळता येणारा टेबल टेनिस हा उत्तम व्यायाम आहे.

टेबल ९ फूट लांब, ५ फूट रुंद व अडीच फूट उंच; जाळी ६ इंच. चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा, वजन २.७ ग्रॅम. बॅटची एक बाजू काळी, दुसरी वेगळ्या ठळक रंगाची असावी.

सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवावा. त्याचा पहिला टप्पा आपल्या बाजूस, दुसरा समोर पडला पाहिजे. जुन्या खेळाडूंना २१ गुणांचा डाव आठवत असेल. २००१ पासून तो ११ गुणांचा झाला आहे. सर्व्हिस दोन-दोन आळीपाळीने; १०-१० झाल्यास एकेक, आणि जिंकण्यास दोन गुणांची आघाडी हवी.

खेळापूर्वी पाच मिनिटे मनगट, खांदे व गुडघे मोकळे करावेत. ओल्या फरशीवर खेळू नये. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखू लागल्यास खेळ तेथेच थांबवून दवाखाना गाठावा. डाव पुन्हा मांडता येतो.