बौद्धिक दिव्यांगता आणि झोपेतील श्वासरोध : आरोग्यधोरणातील एक दुर्लक्षित दुवा

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील गुढियारी ही रेल्वेमार्गालगतची दाट लोकवस्ती आहे. अशा वस्तीतील एखादे डाऊन सिंड्रोम असलेले मूल रात्री मोठ्याने घोरते, मधेच दचकून उठते आणि दिवसा पेंगते किंवा चिडचिड करते, असे मानू. 'अशी मुले अशीच वागतात' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता मोठी असते. प्रत्यक्षात ही लक्षणे एका स्वतंत्र व उपचारक्षम विकाराची असू शकतात. या विकाराचे नाव झोपेतील श्वासरोध, म्हणजेच स्लीप ॲप्निया.

स्वरूप व कारणे

झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग वारंवार बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि झोप तुटते. प्रौढांमध्ये किमान १० सेकंदांचा खंड हा श्वासरोध मानला जातो. डाऊन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान, श्वासमार्ग अरुंद, जीभ तुलनेने मोठी आणि स्नायू शिथिल असतात. स्थूलता व थायरॉईडची कमतरता यांची त्यात भर पडते. सर्वसाधारण मुलांत या विकाराचे प्रमाण सुमारे १ ते ५ टक्के असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यामुळे प्राणवायूची कमतरता त्यांना विशेष घातक ठरते.

अमेरिकेतील ॲरिझोना येथील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, श्वासरोध असलेल्या डाऊन सिंड्रोमग्रस्त मुलांचा शाब्दिक बुद्ध्यांक तो नसलेल्या मुलांपेक्षा सरासरी ९ गुणांनी कमी आढळला. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. तरीही बौद्धिक मर्यादेचा काही भाग टाळता येण्याजोगा असेल काय, हा प्रश्न यातून उपस्थित होतो.

निदान व उपचार

केवळ पालकांच्या निरीक्षणावर विसंबता येत नाही, कारण न घोरणाऱ्या मुलालाही हा विकार असू शकतो. म्हणून अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत निद्राचाचणी करण्याची शिफारस केली आहे. टॉन्सिल व ॲडेनॉइड काढणे हा बालकांतील पहिला उपचार असला, तरी या मुलांपैकी अनेकांत त्यानंतरही विकार शिल्लक राहतो. अशा वेळी मुखवट्यावाटे दाबाने हवा देणारे सी-पॅप यंत्र वापरतात. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली.

कायदा व योजना

२०११ च्या जनगणनेनुसार देशात बौद्धिक दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून नजीकच्या परिसरात मोफत आरोग्यसेवा आणि उपचारांत प्राधान्य यांची तरतूद आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असून त्यासाठी पूर्व वैद्यकीय तपासणीची अट नाही. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते; मात्र तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. श्वासयंत्र तर घरी, रोज रात्री वापरावे लागते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम येथे कळीचा ठरतो. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा, तर शाळांना एकदा भेट देतात. त्यांच्या आरोग्यस्थितींच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. झोपेतील श्वासरोध मात्र स्वतंत्रपणे नाही.

आर्थिक बाजू

न केलेल्या तपासणीचाही खर्च असतो, फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही. रात्रभर जागणाऱ्या आईचे श्रम, बुडालेला रोजगार, पेंगणाऱ्या मुलावर विशेष शाळेने केलेला निष्फळ प्रयत्न आणि पुढे उद्भवणारा हृदयविकार या रूपाने तो कुटुंब व समाज भरत राहतात. श्वासरोधाचे निदान न होता केवळ चिडचिडीसाठी झोप आणणारी औषधे दिली गेली, तर श्वासमार्ग आणखी सैलावून हानी वाढू शकते.

रायपूर शहरातच टाटीबंध येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे. म्हणजेच गुढियारीतील कुटुंबासाठी मोठे रुग्णालय दूर नाही. परंतु झोपेविषयी विचारणाच झाली नाही, तर ते कुटुंब तेथवर पोहोचणार कसे? मूल घोरते काय, श्वास थांबतो काय, बसून किंवा मान मागे टाकून झोपते काय, असे तीन-चार प्रश्न फिरत्या पथकाच्या तपासणीपत्रात समाविष्ट करणे, संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे आणि श्वासयंत्राचा समावेश साहाय्यक साधनांत करणे हे उपाय अल्पखर्चाचे व व्यवहार्य आहेत. कलम २५ मधील हक्क प्रत्यक्षात येण्याची सुरुवात अशा साध्या प्रश्नांपासून होऊ शकते.