डेमलो संख्या आणि दहावी पायरी

काळाचौकीहून चालत करी रोड स्थानक गाठावे आणि कल्याणची धीमी लोकल पकडावी. कल्याणच्या अलीकडे डोंबिवली लागते. या स्थानकाचे नाव गणितात नेले ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना काही संख्यांचा विचार येथे सुचला, म्हणून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो’ म्हटले. कापरेकर बहुतेकांना ६१७४ मुळे ठाऊक असतात. प्रस्तुत लेखकाला मात्र डेमलो संख्या अधिक जवळच्या वाटतात, कारण त्या पाटीवर मांडता येतात.

१११ ला १११ ने गुणावे. एकेक घर सरकवत तीन ओळी लिहिल्या की उभ्या रकान्यांत १, २, ३, २, १ एकक जमतात, उत्तर १२३२१. नऊ एककांच्या संख्येचा वर्ग याच रीतीने १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. दहा एकक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा डावीकडे सरकतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसाच झाला!

आता हातचा न घेता मधले दहा तसेच लिहू : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. आधीच्या नऊही संख्या पूर्ण वर्ग. त्यांतील एकही मूळ असणे शक्य नाही. ही वीस अंकी दहावी संख्या मात्र मूळ आहे.

दिसण्यावरून हे कळत नाही. पारखावे लागते. संख्या विषम आहे, शेवटी पाच नाही. अंकांची बेरीज ९१, म्हणून तीनने भाग जात नाही. पुढची युक्ती वसतिगृहाच्या अभ्यासिकेत अवश्य शिकवावी अशी आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे करावे :

३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२ = ८९

८९ ला ७, ११ वा १३ ने भाग जात नाही. म्हणून आपल्या वीस अंकी संख्येलाही जात नाही. एकाच बेरजेत तीन भागाकार वाचले.

तथापि काम पुष्कळ उरते. वर्गमूळ सुमारे ३५१ कोटी. तेथवरच्या मूळ संख्या सोळा कोटींहून अधिक. सेकंदाला एक भागाकार, अहोरात्र केला तरी पाच वर्षे उलटतील. संगणकाला हे सहज जमते, परंतु शेकडो अंकांच्या संख्येपुढे तोही या वाटेने हरतो. फर्माची कसोटी झटपट आहे, पण ५६१ सारखी संयुक्त संख्या तिला चकवते. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे निःसंदिग्धपणे आणि अंकांच्या संख्येच्या मानाने बहुपदी इतक्याच पायऱ्यांत ठरवणारी रीत २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.त मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दिली. त्यांपैकी दोघे तेव्हा नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी होते.

पेन्सिल हाती असेल त्यांच्यासाठी : सतराने भागल्यास बाकी पाच उरते. एकोणीसचा भागाकार वाचकांनी करून पाहावा.